एक दाता मागे

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ती. दादास नमस्कार.

आम्ही दोघं इकडे बरे आहोत. वहिनीचा खोकला थांबला का? छोटीची उंची तू दाराच्या चौकटीवर खुणा करून मोजतोस असं वहिनी फोनवर म्हणाली होती. पोरगी खुणा मागे टाकत सुटली असेल. आणि तुझी शाळेची बस काय म्हणते? चाळीस पोरांचा कलकलाट पाठीशी घेऊन गाडी चालवायची म्हणजे कान किटत असतील. की तुला तेच बरं वाटतं?

तुझं पत्र येऊन वर्ष होत आलं. उत्तर राहून गेलं असं लिहिणार होते, पण ते राहून गेलं नाही, मी राहू दिलं. आज लिहायला बसले कारण बातमीच तशी आहे. अप्पांनी टिटवीवरची ताडपत्री काढायला लावली.

बारा वर्षांनी. ताडपत्री ओढली तेव्हा धूळ उठली ती खाली बसायचं नावच घेईना. दुपारी आपल्या वर्कशॉपच्या छपरातल्या त्या दोन पारदर्शक पत्र्यांतून ऊन कसं उतरतं ते तुला आठवत असेल, पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं. त्या उन्हात धूळ तरंगत होती आणि तिच्यातून टिटवी थोडी थोडी दिसायला लागली. आधी गोल दिवे, मग ते लांब नाक, मग दोनच सीटा. हिरवा रंग शाबूत आहे. डाव्या अंगाचा पत्रा मी तेव्हा ठोकून सरळ केला होता, तिथे बोट फिरवलं की अजून लहर लागते. अप्पा खुर्चीतून उठले नाहीत. नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "लहान झाली गं ही." मी म्हटलं, "आपण म्हातारे झालो, अप्पा." त्यांना ते ऐकू गेलं नाही.

कानांचं तसंच झालंय. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की वरचे सूर गेलेत, खालचे अजून दोनेक वर्षं टिकतील. कुणाला असं सांगितलं तर तो घरच्यांचे आवाज आठवेल. आपले अप्पा दवाखान्याच्या पायरीवरच म्हणाले, "म्हणजे टिटवी ऐकायला दोन वर्षं आहेत."

आणि हिवाळाभर हा माणूस ग्राइंडिंगच्या मशीनवर काय करत होता ते आता कळलं. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला नवा कॅमशाफ्ट त्यांनी माझ्यापुढे ठेवला. स्वतः घासलेला. हात इतके थरथरतात की चहाची बशी वाजते, पण मशीनला टेकले की थांबतात म्हणे. "हा बसव," म्हणाले. "तिच्या पोटात अजून वीस घोडे झोपलेत."

तुला सांगायला नको, पण वहिनी हे वाचत असेल तर तिच्यासाठी लिहिते. वहिनी, एका दांड्यावर आठ अंडी ओवली आहेत असं समजा. दांडा फिरला की अंड्याचं टोक व्हॉल्व्हला ढकलून उघडतं. इंजिन त्यातून श्वास घेतं आणि सोडतं. अंडं जरा अधिक उंच आणि जाड केलं की दार जास्त उघडतं, जास्त वेळ उघडं राहतं. श्वास मोठा, जोर मोठा. फुकट काहीच मिळत नाही. अशी गाडी हळू चालवली की अडखळते, रुसते, सिग्नलला उभी असली की अंगात आल्यासारखी हलते. तिचा जीव सगळा वरच्या फेऱ्यांमध्ये.

दादा, एक काम आहे. जुन्या शाफ्टवर ती नेमकी कुठे जागी व्हायची, किती फेऱ्यांना, ते मला लिहून पाठव. तिला तुझ्याइतकं कुणी चालवलेलं नाही. अप्पांना आठवतं ते स्वप्नातलं असतं. हल्ली रोज दुपारी खुर्चीत डोळा लागतो आणि रोज ते टिटवीत बसून कुठेतरी जातात. काल म्हणाले, रस्ता पांढरा होता आणि दोन्ही बाजूंना पाणी होतं. असा रस्ता मी तरी कुठे पाहिलेला नाही.

शेवटच्या दिवसाचं काही लिहू नकोस. त्याआधीचं लिही.

हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवलंय. चेनवरचं पुढचं झाकण अजून काढलेलं नाही. सवड मिळाली नाही.

छोटीला पापा. वॉशरवरून तू ठेवलेलं नाव इथे आता कुणी घेत नाही, म्हणून खाली तेच लिहिते.

तुझी
वायसर

*

२६ फेब्रुवारी, गुरुवार

ती. दादास नमस्कार.

कार्ड मिळालं. पाच ओळी, पण कामाच्या. "साडेतीन हजारांपर्यंत लाडात असायची, चार हजारांना मान वर करायची, पाचच्या पुढे कुणाच्या बापाचं ऐकायची नाही." अप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. बापाचं नाव निघालं म्हणून बरेच हसले. मग म्हणाले, "अक्षर तसंच आहे का त्याचं?" मी कार्ड हातात दिलं. डोळ्यांजवळ धरून त्यांनी अक्षर बघितलं आणि खिशात ठेवलं. परत दिलं नाही.

शेवटची ओळ मी वाचली नव्हती. ती त्यांनी नंतर वाचली की नाही, ठाऊक नाही. "पण माझ्यावर फार विसंबू नकोस. ज्याचा हात चौथ्या गिअरऐवजी दुसऱ्यात गेला, त्याच्या आठवणीचा काय भरवसा."

ती ओळ माझ्याबरोबर फिरते आहे. परवा एका बाईंच्या गाडीचं तेल बदलताना मी जुनं तेल सोडलं आणि नवं न भरताच किल्ली फिरवायला निघाले होते. समोरच्या वेल्डरने हटकलं म्हणून वाचले. "ताई, आज कुठे आहात?" म्हणाला.

तू तर तेव्हा ठामपणे नाही म्हणत होतास. अप्पांनी टेबलावर वाकलेले व्हॉल्व्ह मांडले होते, आई दारात पदराला हात पुसत उभी होती, आणि तू एकच वाक्य म्हणत होतास: "मी चौथाच टाकला." कधीपासून तुला उलट वाटायला लागलं? कुणी सांगितलं तुला? की सांगायला कुणीच नव्हतं, म्हणून?

असो. कामाचं लिहिते.

शाफ्ट बसला. नवे व्हॉल्व्ह आणि नव्या कडक स्प्रिंगा बसवल्या, जुन्या या शाफ्टपुढे टिकल्या नसत्या. झाकणही काढलं. शाफ्टला इंजिनच्या तालात फिरवणारी चेन चढवताना मी खुणा चार वेळा जुळवल्या. वरच्या चक्रावरचा ठिपका, खालच्या चक्रावरचा ठिपका. पाचव्यांदा बघत होते तेव्हा अप्पा काठी टेकत मागे येऊन उभे राहिले. "माती?" म्हणाले.

वहिनी, ही मुलांच्या खेळण्यातलीच मऊ माती. पिस्टनच्या डोक्यावर तिची गोळी ठेवायची, हेड बसवायचं, इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं आणि परत उघडायचं. व्हॉल्व्ह खाली येऊन मातीत रुततो. तिथे सुरीने कापून जाडी मोजली की पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात किती जागा उरली ते कळतं. जागा कमी असली तर वेगात दोघं एकमेकांवर आदळतात, आणि मग इंजिन राहत नाही.

मी चाचणी करत होते तोवर अप्पा जागचे हलले नाहीत. मातीचा काप त्यांनी तळहातावर घेतला. गुलाबी होती माती, छोटीच्या डब्यात असते तशी. बोटाने चेपून बघितली आणि म्हणाले, "पुरे आहे." आणि थोड्या वेळाने, "त्या वेळी किती होती गं?"

मी म्हटलं, "आठवत नाही, अप्पा."

त्यांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पत्र इथेच थांबवते. हाताला तेल लागलंय, कागद खराब होतोय.

तुझी
वायसर

*

८ मार्च, रविवार

दादा,

हे पत्र आधी एकट्याने वाच. मग वहिनीला द्यायचं की नाही ते तू ठरव.

तुझा हात चौथ्यातच गेला होता.

हे वाक्य लिहून मी उठले, अंगणातून दोन चकरा मारून आले. आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे.

घाटातल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी अप्पा तापाने पडले होते. तू रस्ता बघायला गेला होतास. जोराचा शाफ्ट बसवायचा राहिला होता, आणि मी म्हटलं, मी बसवते. बावीस वर्षांची होते. अप्पा अंथरुणातून म्हणाले होते, "मातीशिवाय बंद करू नकोस." मी पहाटेपासून लागले. दुपारी दोनपर्यंत शाफ्ट बसला, चेन चढली. मग जरा टेकावं म्हणून टिटवीच्या चाकाला पाठ लावून खाली बसले. तेच ऊन होतं, पाण्यासारखं. डोळा लागला.

झोपेत मी मातीची चाचणी केली, दादा. अगदी नीट केली. गोळी ठेवली, हेड ठेवलं, दोन फेरे फिरवले, सुरीने कापलं. माती सोनेरी होती आणि कापली तेव्हा तिच्यातून थंड वारा आला. जागा भरपूर होती. मला इतकं हलकं वाटलं की जागी झाले तेव्हा हसत होते. उठून मी हेड आवळलं, झाकण लावलं, सगळं बंद केलं.

हत्यारं आवरताना बाकावर मातीचं पाकीट दिसलं. न फोडलेलं.

पुन्हा उघडायचं म्हणजे चार तास. संध्याकाळी गाडी न्यायला तू येणार होतास. मी स्वतःला म्हटलं, खुणा जुळल्या होत्या ना, मग झालं. पाकीट खणात टाकलं. अप्पांनी विचारलं, "माती?" मी म्हटलं, "केली."

सकाळी सुरुवातीच्या रेषेवर तू काच खाली करून मला म्हणालास, "वायसर, आज ही झोपेत आहे. खालून उठतच नाही." मी म्हटलं, "गरम झाली की उठेल." तू मान हलवलीस. तुझा विश्वास बसला. दादा, माझ्यावर विश्वास ठेवताना तुला कधी वेळ लागायचा नाही.

पुढचं तुला माहीत आहे. शेवटच्या वळणाआधी तो आवाज, मागच्या चाकाखाली तेल, कठडा. आपण गाडी ओढून आणली तेव्हा तुझ्या कपाळाला पट्टी होती, तरी तू हसून म्हणालास, "इंजिन उघडलं की कळेल."

मी ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उघडलं. अप्पा नऊला आले. त्या तीन तासांबद्दल मी कुणाला काही बोललेले नाही.

चेन एक दाता मागे होती. मीच तशी चढवली होती. मातीची चाचणी केली असती तर तेव्हाच कळलं असतं. मी बराच वेळ त्या दोन ठिपक्यांकडे बघत बसले. मग चेन काढली, वरचं चक्र एक दाता पुढे घेतलं, ठिपके जुळवले आणि चेन परत चढवली. हे कशासाठी केलं, ते तेव्हाही मनात शब्दांत म्हटलं नाही. हात करत होते, मी बघत होते.

अप्पा आले, वाकले, खुणा बघितल्या. खुणा बरोबर. मग राहिलं काय? चालकाने वेगात असताना खालचा गिअर टाकला तरच व्हॉल्व्ह असे वाकतात. ते तुला म्हणाले, "इंजिन खोटं बोलत नाही." मी तिथेच उभी होते, हातात फडकं घेऊन.

मला वाटलं होतं, दोन दिवस तणतणतील आणि विसरतील. पण शर्यतीच्या क्लबने तुझी जागा दुसऱ्याला दिली. मग तू घरी जेवायला येईनास. मग गावच सोडलंस. प्रत्येक वेळी मला वाटे, आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं हे विचारतील, आणि दिवसागणिक त्या 'आधी'ची लांबी वाढत गेली. आईच्या दुखण्यात तुला फोन मीच केला होता. तू म्हणालास, "तिथे सगळे माझ्या हाताकडे बघतात गं. थोडी बरी झाली की येतो." मी म्हटलं, "बरं." ती बरी झाली नाही. तेव्हासुद्धा मी सांगितलं नाही.

मला वाटायचं, तू रागावून गेला आहेस. राग म्हणजे तुला तरी खरं माहीत आहे, असं मी समजत होते, आणि त्या आधारावर मला जेवण जात होतं, झोप लागत होती. कार्डावरची ओळ वाचली आणि तो आधार गेला. तू रागावला नव्हतास. तू मान्य केलं होतंस.

उद्या सकाळी हे पत्र टाकीन आणि मग अप्पांना सांगेन. आधी पत्र टाकते आहे, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

बहीण

*

१३ एप्रिल, सोमवार

दादा,

कालच्या दिवसात तू स्वतः होतास, तेव्हा त्याची बातमी तुला काय देणार. तरी लिहिते. तिथे मी काय बघितलं ते तुला माहीत नाही, आणि तुझ्यासमोर माझ्या तोंडून चार शब्दांच्या वर काही निघालं नाही.

आधी अप्पांचं सांगते, कारण फोनवरून तुला इकडचं दिसलं नसेल.

पत्र टाकून आले. अप्पा बाकापाशी कार्ब्युरेटर पुसत होते. मी सांगितलं. ते म्हणाले, "काय?" मी जरा मोठ्याने सांगितलं. "काय म्हणतेस?" बारा वर्षं जे पुटपुटलेही नव्हते, ते मला तिसऱ्यांदा ओरडून सांगावं लागलं. "चेन मी चुकीची चढवली होती, अप्पा. दादाने काही केलं नव्हतं." समोरच्या वेल्डरने मशीन बंद केलं. रस्त्यावर कुणीतरी थांबलं. माझा आवाज पत्र्याच्या छपराला लागून परत आला, तेव्हा मीही तो पहिल्यांदाच ऐकला.

अप्पांनी कार्ब्युरेटर खाली ठेवला. एकेक बोट पुसलं. मला वाटलं, आता हात उचलतील. बरं झालं असतं. ते म्हणाले, "मी त्याला म्हटलं होतं, इंजिन खोटं बोलत नाही." मग, "त्याला काय वाटलं असेल गं, मी तसं म्हटलं तेव्हा?"

माझ्याशी ते दोन दिवस बोलले नाहीत. दुपारी खुर्चीत न बसता टिटवीच्या डाव्या सीटवर जाऊन बसायचे, डोळे मिटून. तिसऱ्या दिवशी, तुला पत्र पोचलं असेल असा हिशेब करून, म्हणाले, "फोन लाव."

तू उचललास. ते जे बोलले ते तू ऐकलंस. "बाळा, मी चुकलो. मी तुझं ऐकायला हवं होतं." एवढं बोलून त्यांनी फोन माझ्या हातात दिला, कारण तुझं उत्तर त्यांना ऐकू येणार नव्हतं. मी कानाला लावला. तुझा श्वास ऐकू येत होता, मागे बसचं इंजिन चालू होतं, पोरं गात होती. मग तू विचारलंस, "पुढे की मागे?"

"मागे," मी म्हटलं. "एक दाता."

"म्हणून खालून उठत नव्हती," तू म्हणालास. आणि ठेवलास.

अप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणाला?" मी ओरडून सांगितलं, "दाता कुठल्या बाजूला होता ते विचारलं." अप्पांनी डोळ्यांवर हात ठेवला. पुटपुटले, "गाडी बरोबर वाचली होती त्याने." आणि मग ते रडले, दादा. आई गेली तेव्हाही मी त्यांना तसं रडताना पाहिलं नव्हतं.

क्लबच्या सेक्रेटरींकडे मी त्याच आठवड्यात गेले होते. त्या वर्षीच्या नोंदवहीत तुझ्या नावापुढे "चालकाच्या चुकीमुळे बाद" लिहिलेलं आहे. ते म्हणाले, "बाई, आता कोण उघडून बघतंय ही वही?" मी म्हटलं, मी बघते. शेवटी त्यांनी ती ओळ खोडून "जोडणीतील चूक" असं लिहिलं, मी खाली सही केली. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी गाड्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केली आहे. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

आता कालचं.

टिटवी कधी धावणार ते अप्पांनी वहिनीला कळवायला लावलं होतं; तू येशील असं ते म्हणत होते, मी नाही. सकाळी सातला जुन्या धावपट्टीवर पोचलो तेव्हा धुकं इतकं होतं की पट्टीचं दुसरं टोक नव्हतंच. गवत भिजलेलं, कुठेतरी चंडोल गात होता. टिटवी उभ्या उभ्या थरथरत होती, नवा शाफ्ट तिला शांत उभी राहू देत नव्हता. धुक्यातून तू चालत आलास. बस फाटकाबाहेर ठेवली होतीस. केस पांढरे झालेत तुझे. अप्पांपुढे उभा राहिलास, आणि त्यांनी तुझा डावा, गिअरचा हात दोन्ही हातांत धरून वर उचलला, डोळ्यांजवळ नेला, कार्डावरचं अक्षर बघितलं होतं तसा. तू मान फिरवून गवताकडे बघत राहिलास.

मग तू त्यांना घेऊन गेलास. मी कडेला उभी होते. तुम्ही धुक्यात शिरलात आणि दिसेनासे झालात, नुसता आवाज राहिला. आधी अडखळत, खोकत, लंगडत. मग चार हजारांच्या आसपास तो आवाज एकदम सरळ झाला. कसं सांगू, कुणीतरी खूप वेळ शब्द शोधत असावं आणि त्याला तो सापडावा तसं. आणि तो वर वर जात राहिला, मला दिसत काहीच नव्हतं, आणि मला वाटलं हे सगळं मी चाकाला पाठ लावून बघते आहे, आता जागी होईन, आणि बाकावर पाकीट असेल.

तुम्ही परत आलात. अप्पांना तू उतरवून खुर्चीत बसवलंस. ते म्हणत होते, "ऐकलं. सगळं ऐकलं." आणि तू माझ्याकडे न बघता हनुवटीने डावी सीट दाखवलीस. "बस."

मी बसले. तू पट्टीच्या टोकाला गाडी वळवलीस. पहिला, दुसरा, तिसरा. तिसऱ्यात तू तिला सहा हजार आठशेपर्यंत नेलंस, तिथेच जिथे ती त्या दिवशी फुटली होती, आणि चौथा टाकलास. लोण्यातून सुरी जावी तसा. पुन्हा वळलास. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. पुन्हा. मी मोजत होते. अकरा वेळा. दर वेळी मी तुझ्या हाताकडे बघत होते, कारण तेवढ्यासाठीच तू मला बसवलं होतंस. अकरा वेळांत तो हात एकदाही चाचपडला नाही, एकदाही डावीकडे झुकला नाही.

मग तू इंजिन बंद केलंस. धुकं विरळ झालं होतं, पट्टीच्या भेगांत उगवलेली पिवळी फुलं दिसायला लागली होती. तुझा हात गिअरच्या गोळ्यावरच होता.

"बघितलंस?" तू म्हणालास.

"बघितलं."

"मी झोपेत टाकायचो गिअर. बारा वर्षं. रोज चौथा टाकायचो आणि दुसऱ्यात जायचा."

तू दार उघडलंस, एक पाय बाहेर ठेवलास आणि पाठमोरा बसून राहिलास. मग म्हणालास, "हे झालं. पण आईचं काय?"

आणि फाटकाकडे चालत गेलास.

आज सकाळपासून तेच घोकते आहे, दादा. चेन एक दाता पुढे घेता आली, वहीतली ओळ खोडता आली. आईच्या खाटेशेजारची ती रिकामी खुर्ची मला कुठेच सरकवता येत नाही. शेवटच्या आठवड्यात तिने दाराकडे तोंड करून झोपायचा हट्ट धरला होता. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आता तुझ्यापासून काही लपवून ठेवणार नाही असं ठरवलंय, म्हणून हेही सांगते, तुला लागेल हे माहीत असून.

तू फोन केला नाहीस, पत्र लिहिलं नाहीस, तरी मी समजून घेईन. अप्पांना मात्र येऊन भेटत जा. तुझ्या येण्याच्या दिवशी मी वर्कशॉप बंद करून बाहेर राहीन, तसं तू वहिनीकडून कळवलंस तर. त्यांच्या कानांना दोन वर्षं आहेत, आणि त्यांना ऐकायचं आहे ते आता टिटवी नाही.

खाली 'तुझी' लिहावं की नाही, याचा बराच वेळ विचार केला. लिहिते. खोडायचं असेल तर तू खोड.

तुझी
वायसर